सोनकांबळे साहेबांची टिकटिक

समस्त लातूरकर, माजी उस्मानाबादकर आणि ज्या ज्या गावांत तेव्हा सरकारी हातपंप होता त्या सर्व गावकऱ्यांना या लेखाद्वारे गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, हातपंपांचे इंजिनीयर श्री. सोनकांबळे यांच्या खाजगी मोटारीचा आवाज ज्या आठवड्यात अचानक बंद झाला, त्या प्रकाराला निसर्ग, दुष्काळ किंवा विरोधी पक्ष यांपैकी कोणीही जबाबदार नव्हतं. जबाबदार मी होतो. सोबत एक फिटर होता. त्याचं नाव मी पुढे सांगणारच आहे, म्हणजे तोही सुटत नाही. हा गुन्हा मी इतकी वर्षं पोटात दडवून ठेवला असं मात्र कोणी समजू नये. लग्नात, बारशात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा मी तो सांगितलेला आहे. फक्त लेखी कबुली राहिली होती. ती आज देतो.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. आम्ही उस्मानाबादेतून फुटून निघालो होतो आणि आमचं ऑफिस एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या गोदामात थाटलं होतं. कागदांवर अजून ‘उस्मानाबाद’च छापलेलं असायचं. ते पेनानं खोडून वर ‘लातूर’ लिहायचं, हे आमच्या कारकुनांचं सकाळचं पहिलं काम. मी अनुरेखक होतो. म्हणजे जुन्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तोच नकाशा पुन्हा काढायचा. नव्या जिल्ह्याला नवा नकाशा हवा होता, आणि त्यात प्रत्येक गावचा हातपंप कुठे आहे ते दाखवायचं होतं. जिल्हा नवा, नकाशा नवा, साहेब नवे. पाऊस तेवढा दोन वर्षं फिरकला नव्हता.

ऑफिसला जीप एकच, आणि ती मोठ्या साहेबांच्या बुडाखाली. त्यामुळे मला पंप बघत गावोगाव फिरवायचं काम सोनकांबळे साहेबांच्या गाडीकडे आलं.

साहेब पन्नाशीचे, सडपातळ, मूळचे मुदखेडच्या बाजूचे. लोक खिशाला पेन लावतात तसा त्यांच्या खिशाला लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर असायचा. मान नेहमी डावीकडे किंचित कललेली, जणू कोणीतरी बुटका माणूस कानात काही सांगतोय आणि हे ऐकून घेतायत. बोलणं कमी. पण बोलले की त्या बोलण्यावर शिक्का मारून फाइलला लावावं असं.

गाडी छोटी, विलायती, एके काळी निळी. मुदखेडच्या एका रिटायर रेल्वे गार्डकडून त्यांनी ती घेतली होती. पुढच्या बाजूला पितळी अक्षरांत कंपनीचं नाव होतं म्हणे. अक्षरं एकेक करून गळाली आणि नुसती भोकं उरली. गाडी कोणत्या कंपनीची, असं कोणी विचारलं की साहेब म्हणायचे, “आता ती सोनकांबळेच.” सुरू करायची तर पुढून हँडल मारावं लागे. पेट्रोल किती आहे ते बघायला टाकीत बांबूची काडी घालावी लागे. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजायचा. उजवीकडे वळताना कितीही दाबला तरी वाजायचा नाही. आणि माझ्या बाजूचं दार फक्त बाहेरूनच उघडायचं.

या दारानं मला आयुष्यातला पहिला हार मिळवून दिला. झालं असं की, निलंग्याकडच्या एका गावात आम्ही पोचलो. सरपंच, चार पंच, हार, नारळ, सगळे उभे. साहेब उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि नेहमीसारखं त्यांनी माझं दार उघडलं. मी गोरा, चष्मेवाला, हातात नकाशाची गुंडाळी. सरपंचांनी हार सरळ माझ्या गळ्यात घातला. मी घाबरून “अहो, साहेब ते आहेत,” म्हणणार, तेवढ्यात सोनकांबळे साहेब अदबीनं मागे सरकले आणि हात बांधून म्हणाले, “साहेब, पंप बघता का आधी, का चहा घेता?”

मी पंपापाशी गेलो. गाव माझ्याभोवती. मी पंपाकडे बघितलं, पंपानं माझ्याकडे.

“काय झालंय साहेब त्याला?” सरपंच म्हणाले.

मी मागे वळून म्हणालो, “ड्रायव्हर, तुम्हाला काय वाटतं?”

साहेबांनी पंपाच्या लोखंडी अंगाला कान लावला, एका बाईला दांडा हलवायला सांगितला आणि डोळे मिटले. दहा-बारा दणके ऐकून उठले. “पाचव्या पाइपाला आटा सुटलाय. माणसं घेऊन उद्या येतो.” दुसऱ्या दिवशी टोळीनं पाइप ओढले. पाचव्याचा आटा सुटलेला होता. सरपंच मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमचा ड्रायव्हर लई हुशार हाय, साहेब. त्याला सोडू नका.”

परत येताना मी हार काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही. म्हणाले, “ऱ्हाऊ दे. माझं आडनाव सांगितल्यावर हार घालायला आलेला माणूस किती वेळ विचार करतो, ते मी लई वेळा बघितलंय. आज पटकन घातला, ते बघून बरं वाटलं.” एवढंच. मग टाकीत बांबूची काडी घालायला उतरले.

त्या बोलण्यावरून मला त्यांच्या एका रिवाजाचा उलगडा झाला. पंप दुरुस्त झाला की पहिला गिलास ते स्वतः प्यायचे. सरपंचाच्या आधी, देवाच्या तांब्याच्याही आधी. पंपाशी उभं राहून, सगळ्या गावासमोर, घोट घोट. का, असं विचारलं तर म्हणायचे, “चव बघावी लागती.” मग गिलास विसळून ज्याच्या त्याच्या हातात द्यायचे आणि समोरचा पितो की नाही याच्याकडे न बघता हत्यारं गोळा करायला लागायचे. बहुतेक जण प्यायचे. तहान मोठी होती.

हातपंप दुरुस्त करायची सरकारी रीत अशी, की आठ माणसं आणि एक साखळी घेऊन जायचं आणि जमिनीत सोडलेले पाइप एकेक करून वर ओढायचे. त्यात अर्धा दिवस जातो, आणि तेव्हा कुठे कळतं की सळई तुटलीय, का पाणी धरून ठेवणारी चामड्याची चकती, म्हणजे वायसर, झिजलाय, का मुळात खाली पाणीच उरलेलं नाही. साहेब हे कान लावून आधीच सांगायचे. सगळ्या जिल्ह्यासाठी टोळी एकच होती. त्यामुळे दुष्काळात ती कुठे पाठवायची आणि कुठे नाही, हे जवळजवळ त्या एका कानावर चालायचं.

आता गाडीच्या आवाजाकडे येतो.

इंजिनातून एक टिकटिक यायची. शिंप्याचं मशीन रात्रंदिवस चालू असावं तशी, सुईसारखी बारीक आणि टोकदार. माळावर दोन किलोमीटरांवरून ऐकू यायची. गावातल्या बाया ती टिकटिक ऐकून घागरी रांगेला लावायच्या. मी एकदा म्हणालो, “साहेब, हे बंद करून घ्या ना.” ते म्हणाले, “आवाज म्हणजे तक्रार न्हाई रे, अर्ज हाय. पुरता वाचल्याशिवाय शेरा मारायचा न्हाई.” इंजिनाच्या आत एक दांडी झिजलीय आणि तो भाग आता कुठे मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. दर रविवारी बॉनेट उघडून ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायचे आणि डॉक्टरसारखे ऐकत बसायचे. “कालच्यापेक्षा वाढली न्हाई,” म्हणायचे आणि बॉनेट बंद. दुसऱ्या कोणालाही त्या बॉनेटला हात लावायची परवानगी नव्हती.

गाडीचं दुसरं दुखणं म्हणजे पाणी. रेडिएटर गळका. आणि साहेबांचा नियम असा, की दुष्काळात कोणत्याही गावचं पाणी गाडीला पाजायचं नाही. ते घरून डबा भरून आणायचे. तेसुद्धा त्यांच्या स्वतःच्या अंघोळीतलं वाचवलेलं. उदगीरच्या पुढे, देगलूरच्या रस्त्याला शिरूळवाडी नावाचं खेडं आहे. तिथे गयाबाई नावाची एक म्हातारी होती. गाडीतून वाफा निघताना बघून ती तांब्या घेऊन आली.

“घ्या लेकरा. तिला बी तहान लागली असंल.”

“तिला मी घरून पाजून आणलीय, मावशी.”

“अन् तुम्हाला?”

“मी बी पिऊनच निघालो.”

म्हातारीनं तांब्या तसाच धरून ठेवला. “लई गर्व हाय तुमच्या मोटारीला,” ती म्हणाली आणि पाणी घरात घेऊन गेली. साहेब दिवसभर या वाक्यावर खूश होते.

त्यांचे वडील नांदेडला कापडाच्या गिरणीत मागावर होते. एकदा चहा पिताना साहेबांनी सांगितलं, “बाबांचे कान गिरणीनं नेले. एकदम न्हाई नेले. आधी बारीक आवाज गेले. ताटावर चमचा पडलेला कळंना, चिमण्या कळंनात. बोलणं मात्र ऐकू यायचं. त्यामुळं दोन वर्षं कुणाला पत्ताच न्हाई. मग बोलणंबी गेलं. माझ्याच वयाचे होते.” हे त्यांनी पंपाचा बिघाड सांगावा त्याच सुरात सांगितलं आणि बशी उपडी करून ठेवली.

त्या बाबांना मी बघितलंय. त्या हिवाळ्यात, अंघोळीचं पाणी अजून पुरत होतं तेव्हा, साहेब मला गाडीतून नांदेडला घेऊन गेले होते. म्हातारबाबा बाजेवरून उठून बाहेर आले. गाडी चालूच होती. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं लेकाला एक बोट दाखवलं.

“एक ठोका हुकायलाय म्हणतात,” साहेब मला म्हणाले. त्यांनी बॉनेट उघडलं. एक प्लग खरंच ढिला होता. “ऐकू येत न्हाई, तरी माझ्यावर साहेब हायेत.”

एवढं सगळं मला माहीत होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

एके दिवशी मुंबईहून कोणी बडे अधिकारी दुष्काळाचा आढावा घ्यायला आले. ऑफिसच्या आवारात मांडव. आमचे मोठे साहेब उभे राहून सांगत होते की जिल्ह्यात परिस्थिती पूर्ण नियंत्रणात आहे. त्याच वेळी तीन गावं करून सोनकांबळे साहेबांची गाडी आवारात आली. टिकटिकटिकटिक. मोठे साहेब थांबले. गाडी डावीकडे वळली, हॉर्न वाजला. वरून आलेले पाहुणे हसले, आणि मग त्यांना कोणीच गंभीर करू शकलं नाही.

दोन दिवसांनी सोनकांबळे साहेब वडिलांची तब्येत बिघडली म्हणून नांदेडला गेले. एसटीनंच गेले, कारण तेवढ्या रस्त्याला गाडीला पुरेल इतकं अंघोळीचं पाणी त्यांच्याकडे साठलं नव्हतं. किल्ली मला दिली. “रोज पाच मिनिटं चालू ठेव. दुसरं काही करू नको.”

ते गेले आणि मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं. “सोमवारपर्यंत त्या गाडीचा आवाज बंद झाला पाहिजे. नाहीतर ती गाडी आवारात बंद.” गाडी बंद म्हणजे कान बंद, कान बंद म्हणजे पंप बंद. मी किल्ली घेतली आणि गोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत गफूरभाई फिटरकडे गेलो.

गफूरभाईंनी ती टिकटिक तोंडात पान तसंच ठेवून ऐकली. “बिराजदारसाब, आवाज तो मैं आज बंद कर देतूं. लेकिन साब को मालूम पड्या तो मेरेकू कच्चा खा जाते.”

“कळणार नाही.”

“उनो लोहे के पंप के अंदर का पानी सुनते. और ये नै सुनेंगे?”

“आपण काही बोलायचं नाही. आपोआप बरी झाली म्हणायचं.”

“गाडी क्या बुखार है, जो आपोआप उतरता?” असं म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं. त्यांच्या गल्लीतला पंप साहेबांनी भर उन्हात दुरुस्त केला होता. त्या प्रेमापोटी त्यांनी दोन दिवस खपून लेथवर नवी दांडी बनवली आणि बसवली. सायलेन्सरची घरघर तशीच राहिली. पण टिकटिक गेली. पुसून टाकल्यासारखी गेली.

सोमवारी साहेब आले. हँडल मारलं, गाडी सुरू झाली. ते आत बसले आणि बसूनच राहिले. गाडी बंद केली. पुन्हा उतरून हँडल मारलं, पुन्हा बसले. मी खिडकीतून बघत होतो, आणि आता आपली हजेरी घेतली जाणार म्हणून शब्द जुळवत होतो. पण ते आत आले, टेबलाशी बसले, आणि मला काहीच म्हणाले नाहीत. मला वाटलं, संतापलेत.

आम्हाला जे पुढे आठ दिवसांनी कळलं ते मी तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, कारण तुम्ही काही गुन्हा केलेला नाही. साहेबांच्या मनात दुरुस्तीची शंकासुद्धा आली नव्हती. त्यांच्या बॉनेटला दुसरा कोणी हात लावेल, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. त्यांनी एवढंच बघितलं की घरघर ऐकू येतेय, माणसांचं बोलणं ऐकू येतंय, आणि बारीक टिकटिक तेवढी गेलीय. बाबांचं झालं होतं तसंच, त्याच क्रमानं, त्याच वयात. चार दिवस ते त्या बाबांच्याच उशाशी बसून आले होते.

मंगळवारी आम्ही दोघं गाडीत होतो. साहेब रस्त्याकडे बघतच म्हणाले, “बिराजदार, टिकटिक वाजायलीय का रे?”

मला वाटलं, हा सापळा आहे. ‘नाही’ म्हणालो तर ‘का नाही?’ येणार. म्हणून मी छाती पुढे काढून म्हणालो, “वाजायलीय की, साहेब. रोजच्यापेक्षा जास्तच वाजायलीय.”

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. मला तेव्हाही काही कळलं नाही. इंजिन तापलं असेल, असं मी मनाशी म्हणालो.

पुढचे दिवस ते पंपाला कान लावेनात. ‘टोळी पाठवा, पाइप ओढून बघा,’ असा शेरा लिहू लागले. टोळीचे लोक वैतागले. एका दिवसात चार गावं तपासून व्हायची तिथे एक व्हायला लागलं. रविवारी त्यांनी बॉनेटही उघडलं नाही. घड्याळ कानाशी धरून बसलेले ते मला दोनदा दिसले. नवं घड्याळ घ्यायचं असेल, असं मी समजलो. माझ्याइतका समजूतदार माणूस त्या ऑफिसात दुसरा नव्हता.

पुढच्या मंगळवारी मोठ्या साहेबांचा हुकूम आला. शिरूळवाडीचा पंप आठवडाभर कोरडा आहे. टोळी औशाकडे गुंतलीय. सोनकांबळेंनी आजच जाऊन ठरवावं: खाली पाणी नसेल तर पंपाचा दांडा आणि वरचं डोकं काढून आणावं, दुसऱ्या गावाला बसवायचंय. गावात दुसरा पंप नव्हता. विहीर कधीच आटली होती. टँकर यायचा तर दोन दिवसांआड, आणि तोही आला तर.

आम्ही पोचलो तेव्हा पंपापाशी रिकाम्या घागरींची रांग होती. पण टिकटिक नसल्यानं गाडी येतेय हे कोणालाच कळलं नव्हतं, त्यामुळे बाया दचकून बाजूला झाल्या. गयाबाई दांड्याशी उभी राहिली. साहेब गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पंपाला कान लावला.

म्हातारीनं दांडा हलवला. दहा दणके, वीस दणके. साहेबांनी दुसरा कान लावला. पुन्हा पहिला. म्हातारी थकली, दुसरी बाई आली. अख्खं गाव त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होतं. शेवटी साहेब उठले, गुडघे झटकले.

“मला सांगता येत न्हाई,” ते म्हणाले.

सरपंच म्हणाले, “असं कसं साहेब? तुम्ही न्हाई सांगायचं तर कुणी सांगायचं?”

साहेब हत्यारं काढायला गाडीकडे चालले. मी मागे धावलो. त्यांनी पिशवीतून मोठा पाना काढला होता, दांडा खोलायचा.

“साहेब, दांडा काढायचा? पाणी नाही का खाली?”

“असंल, नसंल. मला कळायला न्हाई, बिराजदार.” ते गाडीच्या आडोशाला, गावाकडे पाठ करून उभे होते. “माझे कान गेले. बाबांचे गेले तसेच. गाडीची टिकटिक आठ दिवस झाले मला ऐकू येत न्हाई. तुला येती, मला येत न्हाई. अशा कानानं मी ह्या लोकांना ‘पाणी हाय’ म्हणून थांबवून ठेवू? अन् नसलं तर?”

माझ्या आयुष्यात मी पुष्कळदा बोलू नये तिथे बोललोय. त्या दिवशी मात्र बोलायलाच हवं होतं.

“साहेब,” मी म्हणालो, “तुमचे कान शाबूत आहेत. टिकटिकच गेलीय. गफूरभाईंनी दांडी बदलली. किल्ली मी दिली.”

“अन् मी इचारलं तेव्हा तू ‘वाजायलीय’ म्हणालास.”

“घाबरून म्हणालो.”

“‘रोजच्यापेक्षा जास्त’ म्हणालास.”

“जास्तच घाबरलो होतो.”

साहेबांनी पाना खाली ठेवला. पुढे जाऊन हँडल मारलं. बॉनेट उघडलं, खिशातला स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला. ऐकलं. मग माझी मानगूट धरून माझा कान त्या मुठीला लावला.

“ऐक नीट. काय ऐकू येतंय?”

“काहीच नाही, साहेब.”

“मला बी न्हाई,” साहेब म्हणाले. आणि मग मान वर करून, घागरींच्या रांगेलाही जाईल एवढ्या मोठ्या आवाजात, लग्न ठरल्याची बातमी द्यावी तसं पुन्हा म्हणाले, “मला बी काहीच ऐकू येत न्हाई.”

सरपंचांनी कपाळावर हात मारला. “घ्या. आठ दिवसांनी माणसं पाठवली, ती दोघं बी बहिरी.”

साहेब तोवर पंपाशी पोचले होते. या वेळी त्यांनी गुडघेसुद्धा टेकले नाहीत. नुसते वाकले, डोळे मिटले. चार दणके. “थांबा मावशी.” आणखी दोन. मग ते उठले, आणि मान पुन्हा डावीकडे कलली. “पाणी हाय. दोन पाइप खाली गेलंय. अन् वायसर पार खाल्लाय. शुक्रवारी टोळी घेऊन येतो. दांडा इथंच ऱ्हाईल.”

रजिस्टरात त्यांनी ‘पाणी आहे’ असं लिहिलं आणि खाली सही केली. इतकी मोठी सही मी त्यांची कधी बघितली नव्हती. शुक्रवारी टोळीनं दोन पाइप वाढवले, वायसर घातला. आधी गढूळ आलं, मग बारीक धारेनं नितळ. फार नव्हतं. पण उन्हाळाभर तुटलं नाही. पहिला गिलास अर्थातच साहेबांनी घेतला, दुसरा गयाबाईनं त्यांच्या हातातून ओढूनच घेतला. मला शिक्षा म्हणून महिनाभर हँडल मारायचं काम लागलं, आणि गफूरभाईंना तोंडावर शिव्या देऊन साहेब त्यांच्याकडेच दुपारचं जेवून आले.

पुढे माझी बदली झाली, ते नांदेडला गेले, भेटी विरळ झाल्या. पण त्यांची आठवण काढली की मला दिसतात ते शिरूळवाडीहून परतलो त्या संध्याकाळचेच. इतका गप्पिष्ट प्रवास मी पुन्हा केला नाही. मध्येच गाडी हळू करायचे. “टिटवी हाय ती. ऐकलीस?” थोडं पुढे, “मोट न्हाई, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू हाय.” आवाज मोजत, पोराला खाऊ मिळावा तशा चेहऱ्यानं ते घरी आले. मला दारातून जाऊ दिलं नाही. “वर ये. तुझ्या समोरच सांगतो हिला.”

वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ज्वारी निवडत होत्या. साहेबांनी सगळं सांगितलं. बाबांचं, टिकटिकीचं, माझ्या खोटेपणाचं, आठ दिवस उशाखाली दडवलेल्या भीतीचं. सांगताना मध्येच त्यांचा आवाज फुटला आणि ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसू लागले. वहिनी सुपातला हात थांबवून ऐकत होत्या.

“म्हणून व्हय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आठ दिवस रोज चुलीपाशी येऊन बसायलेत. माझ्या हाताशी कान आणायलेत. ‘पुन्हा एकदा बांगड्या वाजव’ म्हणायलेत. मी म्हणलं, पंचवीस वर्षांत कधी न्हाई अन् आता ह्यांना काय सुचायलंय.”

“तपासायलो होतो गं,” साहेब म्हणाले. “बांगड्यांचा आवाज बारीक असतो. टिकटिक गेली, आता हा बी जातो का, ते रोज बघायलो होतो.”

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी तिथे आहे हे त्या बहुतेक विसरल्या असाव्यात, कारण पदर तोंडाला लावायच्या आतच त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मग अजून आठ दिवस बहिरेच ऱ्हायला असता, तर काय बिघडत होतं?”